छारानगरची नाटकमंडळी

नाटक म्हटलें कीं आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. तिकिटाची खिडकी, तिसरी घंटा, पडदा वर जातांना सभागृहांत पसरणारी ती शांतता, आणि मध्यंतरांतील बटाटेवडा. आज ज्या नाटकमंडळीची ओळख मी आपणांस करून देणार आहें, तिच्यापाशीं यांपैकीं कांहींहि नाहीं. तिला पडदा नाहीं, झगझगीत पोषाख नाहीं, आणि तिकीट बहुधा नाहींच. एका वाचनालयांत ती जन्मली. तें वाचनालय, वस्तीचा चौक, रस्त्याचा कोपरा, एखाद्या कॉलेजचें पटांगण हीच तिची रंगभूमि. या मंडळीचें नांव 'बुधन थिएटर', आणि तिचें गांव अहमदाबादेंतील छारानगर.

अहमदाबाद शहरांत नरोड्याच्या बाजूला कुबेरनगर नांवाचा भाग आहे. तेथेंच ही वस्ती. मी प्रथम तेथें जावयास निघालों तेव्हां ज्या रिक्षांत बसलों तिचा चालक उतारवयाचा आणि बोलका होता. पत्ता ऐकतांच त्यानें मान वळवून मला एकवार न्याहाळलें, आणि पाकीट आंतल्या खिशांत ठेवण्याची सूचना केली. मीं तें निमूटपणें ठेवलें. ही क्षुल्लक गोष्ट मी मुद्दाम सांगतों. पुढें जें सांगावयाचें आहे तें त्या खिशापाशींच येऊन थांबतें.

छारा ही जमात मूळची भटकी. पंजाब-राजस्थानाकडे ज्यांना सांसी म्हणतात आणि आपल्याकडे ज्यांना कंजारभाट म्हणतात, त्यांचींच हीं भावंडें. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें 'गुन्हेगार जमातींचा कायदा' केला. या देशांत सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकऱ्याचा विणकर; मग चोराचा मुलगा चोरच व्हावयाचा, असा त्या कायद्यामागचा तर्क होता. आपल्या जातिव्यवस्थेचा धडा परकीयांनीं किती झटपट आणि किती सोयीस्करपणें गिरवला पाहा! कायदा प्रथम उत्तरेंत लागू झाला, आणि १९११ च्या सुधारणेनें साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर त्याचा अंमल पसरवितां येऊं लागला. ज्या जमातीचें नांव यादींत गेलें तिच्यांतील मूल जन्मतःच संशयित. नांव पोलिसांच्या वहींत, ठरल्या वेळीं हजेरी, आणि गांवाबाहेर जावयाचें तर हातांत परवाना. कांहीं जमातींना तर तारेच्या कुंपणांत वसविण्यांत आलें. त्या वसाहतींना 'सेटलमेंट' म्हणत.

ज्यांनीं सोलापूर पाहिलें आहे त्यांना हा शब्द नवा नाहीं. तेथील सेटलमेंटमधील माणसें गिरण्यांत राबत आणि परत तारेच्या आंत येत. कुंपण जाऊन कितीतरी वर्षें लोटलीं. पण त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट'च म्हणतात. अहमदाबादहि गिरण्यांचेंच शहर. तेथें छारांना अशाच आवारांत कोंडलें होतें.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा साऱ्या देशांत रद्द झाला, आणि या जमातींना 'विमुक्त' हें नवें नांव मिळालें. परंतु जुना कायदा जातो न जातो तोंच निरनिराळ्या राज्यांत 'सराईत गुन्हेगारां'चे कायदे आले. त्यांत जमातीचा उल्लेख नव्हता, व्यक्तीचा होता. पण पोलीसठाण्यांतील वही उघडणारा हात आणि ती चाळणारे डोळे पूर्वीचेच राहिले.

आतां १९९८ सालाकडे वळूं. बंगालच्या पश्चिमेस पुरुलिया नांवाचा कोरडा, दगडाळ जिल्हा आहे. तेथें खेडिया शबर या जमातीचे लोक राहतात. हीहि एकेकाळची 'गुन्हेगार' जमात. तिच्यांतील बुधन शबर नांवाचा एक तरुण, टोपल्या विणून आणि मजुरी करून पोट भरणारा, फेब्रुवारी महिन्यांत पत्नी श्यामलीस घेऊन सायकलीवरून नातेवाइकाकडे चालला होता. वाटेंत बाजारांत पान घ्यावयास तो थांबला. तेथेंच पोलिसांनीं त्याला धरलें. चोरीचा संशय, एवढेंच कारण. आठवडाभरांतच तो कोठडींत मरण पावला. त्यानें गळफास लावून घेतला असें सांगण्यांत आलें. शरीरावरील खुणा वेगळें कांहीं सांगत होत्या.

शबरांचें काम करणारी एक कल्याण समिति तेथें होती. सुप्रसिद्ध बंगाली लेखिका महाश्वेतादेवी तिच्या आधारस्तंभ होत्या. प्रेत गांवकऱ्यांच्या ताब्यांत आलें. तें जाळलें तर पुरावाहि जळणार हें त्या अक्षरशत्रु मानलेल्या माणसांनीं बरोबर ओळखलें. त्यांनीं बुधनला त्याच्याच झोंपडींत पुरलें, आणि गवताचा पुतळा करून त्याला अग्नि दिला. पुढें समितीनें कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांत अर्ज केला. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत न्यायमूर्ति रूमा पाल यांनीं निकाल देऊन चौकशी केंद्रीय तपासयंत्रणेकडे सोंपविली आणि श्यामलीस भरपाई देण्याचा हुकूम केला.

श्रोतेहो, गवताच्या त्या पुतळ्यापाशीं मी क्षणभर थांबतों. सरकारी डोळ्यांना फसविण्यासाठीं मृत्यूचें सोंग उभें करावयाचें, आणि त्या सोंगाच्या आड सत्य जपून ठेवावयाचें! नाटक याहून वेगळें काय करतें? बुधनची गोष्ट पुढें रंगभूमीवर गेली. पण पहिला प्रयोग पुरुलियाच्या स्मशानांतच झाला, असें मला नेहमीं वाटतें.

पुरुलिया कोठें आणि अहमदाबाद कोठें! हें अंतर कसें जोडलें गेलें तें सांगितलें पाहिजे. त्याच वर्षीं महाश्वेतादेवी व्याख्यानासाठीं बडोद्यास आल्या होत्या. तेथें इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक गणेश देवी, आपल्या पुणें जिल्ह्यांतील भोरचे, आणि 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांच्यासह त्यांनीं विमुक्त जमातींच्या हक्कांसाठीं एक मंडळ स्थापिलें. 'उचल्या' आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचलें असेल. १९८७ सालीं तें प्रसिद्ध झालें आणि पुढच्याच वर्षीं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही मंडळी छारानगरला गेली. मदत करावयास कोणी आलें कीं वस्ती काय मागते? नळ, रस्ता, नोकरी. यांतलें कांहींच छारानगरास नको होतें असें नव्हे. पण तेथील तरुणांनीं वाचनालय मागितलें.

मला हें मागणें फार अर्थपूर्ण वाटतें. ज्यांच्याविषयीं इतरांनीं शंभर वर्षें लिहिलें, वहींत, यादींत, पंचनाम्यांत, त्यांना आतां स्वतः वाचावयाचें होतें. वाचनालय निघालें. आणि तेथें जें वाचावयास आलें त्यांत बुधन शबरच्या खटल्याचा निकाल होता. निकालपत्र ही कांहीं गोडीनें वाचण्याची वस्तु नव्हे. तारखा, जबान्या, वैद्यकीय अहवाल. परंतु छारानगरच्या मुलांना त्यांतील एकहि शब्द परका वाटला नाहीं. दारावरील थाप त्यांच्या ओळखीची होती, दरडावणी ओळखीची होती, आणि कोठडींतून परत येणाऱ्या माणसाच्या पाठीचा रंगहि ओळखीचा होता. वस्तींतील एक तरुण, दक्षिण बजरंगे, यानें त्या कागदांवरून नाटक लिहिलें. ३१ ऑगस्ट १९९८ रोजीं, विमुक्तांच्या मुक्तिदिनीं, छारानगरांतच 'बुधन'चा पहिला प्रयोग झाला. मंडळीला नांवहि त्याच मृत तरुणाचें मिळालें.

प्रयोग कसा असतो तें सांगतों. मीं पाहिला तो एका लहानशा खोलींत. भिंतींना टेकून बायका बसल्या होत्या, मुलें पुढें सरकत सरकत जवळजवळ नटांच्या पायांपर्यंत आलीं होतीं. नेपथ्य म्हणून कांहीं नाहीं. अंगावर रोजचेच कपडे. जो नट आतां शबर म्हणून घोळक्यांत उभा असतो, तोच अर्धें पाऊल वळून शिपाई होतो. त्याचे खांदे रुंदावतात, मान मागें जाते, आवाज घशांतून न येतां पोटांतून येऊं लागतो. काठी नुसत्या मुठींतून निर्माण होते. मारहाणीच्या प्रसंगीं कोणी कोणास शिवत नाहीं, आणि तरीहि पुढच्या रांगेंतील एका म्हातारीनें डोळ्यांवर पदर घेतला.

मला बुधनपेक्षां शिपायाचें काम करणारा नट अधिक विलक्षण वाटला. छळ सोसणाऱ्याची भूमिका ही प्रेक्षकांची सहानुभूति सहज मिळविते. परंतु ज्यानें लहानपणीं आपल्या बापाला चौकींत नेतांना पाहिलें, त्यानें नेणाऱ्याचाच पोषाख मनानें अंगावर चढवावयाचा, त्याची मिजास, त्याचा कंटाळा, वरिष्ठापुढील त्याची लाचारी हें सारें आंतून समजून घ्यावयाचें, ही गोष्ट सोपी नाहीं. त्या नटानें शिपायाला राक्षस केलें नव्हतें. तो थकलेला, घरीं जावयाची घाई असलेला, वरून आलेल्या हुकुमाचा भार खालच्या माणसाच्या पाठीवर उतरविणारा एक नोकर होता. पाहतांना मला त्याची कींव आली, आणि त्या कींवेचीच भीति वाटली.

हें कसब या तरुणांत आलें कोठून? बाहेरच्या नाट्यशिक्षकांनीं त्यांना शिकविलें हें खरें, आणि त्यांच्यांतील कांहीं पुढें दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयापर्यंतहि पोंचले. पण त्यांचें स्वतःचें उत्तर निराळें आहे, आणि तें देतांना ते लाजत नाहींत. आमचे वाडवडील जन्मजात नट होते, असें ते म्हणतात. चोरी करावयाची तर भांडणाचें सोंग आणावें लागे, मूर्च्छा यावी लागे, दुकानदाराचें लक्ष गुंतवावें लागे, पकडलें गेल्यास निरागस चेहरा करावा लागे. पोटासाठीं जें सोंग केलें तेंच आतां आम्ही मानासाठीं करतों, असें त्यांच्या बोलण्याचें तात्पर्य. या मंडळीवर २००५ सालीं जो माहितीपट निघाला त्याचें इंग्रजी नांवहि 'चोरासारखा अभिनय' अशाच अर्थाचें आहे. आपल्या वस्तींतील दारूच्या भट्ट्याहि ते झांकून ठेवीत नाहींत. गुजरातेंत दारूबंदी आहे आणि छारानगरांत दारू गाळली जाते, हें शहरास ठाऊक आहे. ज्याला काम मागावयास गेलें असतां आडनांव ऐकून दार लावलें जातें, तो भट्टीकडे कां वळतो, हा प्रश्न मात्र शहर विचारीत नाहीं. त्याच वस्तींत आज पुष्कळ वकील आहेत ही गोष्टहि रिक्षावाल्यानें मला सांगितली नव्हती.

येथें आपणांपैकीं एखादा रसिक म्हणेल, "हें सारें ठीक, पण ही कला कीं प्रचार?" हा प्रश्न जुना आहे, आणि मला तो थोडासा कंटाळवाणाहि वाटतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांतच एक कथा आहे. भरतपुत्रांनीं ऋषींची थट्टा करणारा प्रयोग केला, ऋषि रागावले, आणि नटांना शूद्रत्वाचा शाप मिळाला. थोरामोठ्यांचीं वर्मे दाखविलीं कीं नटाची जात खालीं ढकलली जाते, हें आपल्या पूर्वजांस चांगलें माहीत होतें! आणि आपल्या मराठींत, १८५५ सालीं, जोतीराव फुल्यांनीं 'तृतीय रत्न' लिहिलें तेंहि नाटकच. दक्षिणा प्राइझ कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. सत्यशोधकांचे जलसे, आंबेडकरी जलसे हेहि त्याच वाटेनें गेले. तेव्हां छारानगरचे लोक करतात तें अघटित नाहीं. आपल्याच घरांतील एका अडगळींत टाकलेल्या परंपरेशीं त्यांचें नातें आहे.

पण प्रश्नाला बगल देणें बरें नव्हे, म्हणून माझें प्रामाणिक मत सांगतों. त्यांचीं सारींच नाटकें सारख्या तोलाचीं नाहींत. कांहीं ठिकाणीं घोषणा संवादाला गिळून टाकते. शेवटीं नट प्रेक्षकांकडे तोंड करून जें विचारतात तें नाटकानें आधींच विचारलेलें असतें, आणि पुन्हां विचारल्यानें त्याची धार कमी होते. परंतु ही मंडळी तेवढ्यावर थांबलेली नाहीं. फ्रेंच नाटककार झां झने याच्या 'बाल्कनी' या नाटकाचें रूपांतर तिनें केलें आहे. झने हा स्वतः चोरीसाठीं तुरुंगांत गेलेला लेखक. पॅरिसच्या रसिकांहून छारानगरच्या नटांना तो लवकर उमगला असेल तर नवल नाहीं. महाश्वेतादेवींच्या कथांवरून नाटकें झालीं, शहरांत पाडल्या गेलेल्या झोंपड्यांवर झालीं. आणि नफ्याचा हेतु मुळांतच नसल्यामुळें कोणतें नाटक चालेल याची चिंता कोणी केली नाहीं. त्यामुळें पैशाची ओढाताण मात्र कायमची. नट दिवसा दुसरी नोकरी करतो आणि रात्रीं तालमीस येतो. लग्न झालें, मूल झालें, कीं येणें कमी होतें. जुने जातात, वाचनालयांत वाढलेलीं मुलें त्यांच्या जागीं उभीं राहतात.

नाटकानें काय साधलें, असेंहि विचारलें जाईल. या प्रश्नास मी बिचकतों. १९९८ नंतर वीस वर्षांनीं, २०१८ सालच्या जुलै महिन्याच्या एका रात्रीं, पोलीस मोठ्या संख्येनें छारानगरांत शिरले. घरांत घुसून मारहाण केली, गाड्या फोडल्या, अशी रहिवाशांची तक्रार होती. मार खाणाऱ्यांत शिकलेलीं माणसेंहि होतीं. म्हणजे वीस वर्षें नाटक करून दारावरची थाप थांबली नाहीं. एवढें मात्र झालें कीं वस्तीनें दगड उचलले नाहींत. शांततेनें मोर्चा निघाला, आणि जें घडलें तें सांगावयास वस्तींत लिहिणारीं, बोलणारीं, चित्रीकरण करणारीं माणसें हजर होतीं. १९३० च्या सुमाराच्या कुंपणांत काय घडलें तें आपणांस सरकारी अहवालांतून वाचावें लागतें. २०१८ चें वृत्त छारांनीं स्वतः लिहिलें. हा फरक मला लहान वाटत नाहीं, परंतु ज्याच्या हाताचें हाड मोडलें त्याला तो किती मोठा वाटेल हें मी सांगूं शकत नाहीं.

कायद्याच्या बाजूनेंहि गति मंदच. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगानें २००८ सालीं अहवाल दिला. विमुक्त आणि भटक्यांची लोकसंख्या दहा कोटींहून अधिक असावी असा त्याचा अंदाज होता. पुढें भिकूजी इदाते यांचा आयोग आला. दोन्ही अध्यक्ष मराठी. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निरनिराळ्या राज्यांच्या तुरुंग-नियमांतील जातिभेदाचीं कलमें घटनाबाह्य ठरविलीं. विमुक्त जमातींतील कैद्यांना 'सराईत' समजून वेगळी वागणूक देणारे नियमहि त्यांत होते. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनीं हें सांगावें लागलें.

आतां शेवटचें एक सांगून आपली रजा घेतों. पहिल्या यशानंतर या मंडळीनें जीं नाटकें केलीं त्यांत 'पिन्या हरि काळे की मौत' नांवाचें एक आहे. पिन्या काळे हा पारधी. बुधननंतर चारच महिन्यांनीं, जून १९९८ मध्यें, तोहि पोलिसांच्या ताब्यांत असतां मरण पावला. आणि हें घडलें तें पुरुलियांत नव्हे, आपल्या बारामतीकडे. मीं त्या काळचीं वर्तमानपत्रें रोज वाचीत होतों. त्याचें नांव मला तेव्हां ठाऊक झालें नाहीं. तें मला छारानगरांत, नाटक संपल्यानंतर चहा पितांना, एका वीस-बावीस वर्षांच्या नटाच्या तोंडून कळलें. तो बोलत असतां माझा हात आंतल्या खिशाकडे गेला. पत्ता टिपून घेण्यासाठीं मला कागद हवा होता. त्याची दृष्टि त्या हाताकडे गेली आणि तो बोलतां बोलतां किंचित् थांबला. मीं घाईनें कागद बाहेर काढून दाखविला. तो हंसला, पण मला हंसतां आलें नाहीं.

तें नाटक मराठींत व्हावें असें मला तेव्हांपासून वाटतें. त्याला पडदा लागणार नाहीं, नाट्यगृह लागणार नाहीं. पारध्यांच्या एखाद्या वस्तींतील सातआठ मुलें आणि एक खोली एवढ्यावर तें उभें राहील. खोली आपणांपैकीं कोणीतरी देऊं शकेल.